दारीं झुलणारी मोटार

मराठींत एखाद्या घराण्याच्या वैभवाचें वर्णन करावयाचें झाल्यास ‘त्यांच्या दारीं हत्ती झुलत होते’ असें म्हणण्याची जुनी चाल आहे. हत्ती कोणी नांगरास जुंपीत नाहीं, आणि चार माणसांच्या सोयीसाठींहि कोणी तो पाळीत नाहीं. तो दारीं उभा आहे, एवढ्यावरूनच पाहणाऱ्यानें घराची पत ओळखावयाची असते. परंतु हत्ती विकत घेण्याचा खर्च एकदांच होतो. त्याचा चारा, त्याचा माहूत आणि त्याची झूल यांचा खर्च मात्र रोजचा असतो. ज्या दरबाऱ्यावर राजाची इतराजी होई त्यास पांढरा हत्ती बक्षीस देऊन भिकेस लावीत, अशी एक आख्यायिका सयामच्या राजांविषयीं सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यांतला हिशोब खरा आहे. विसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील संस्थानिकांच्या दारांतून हत्ती हळूहळू मागें सरला आणि त्याच्या जागीं मोटार येऊन उभी राहिली. ही मोटार म्हणजे डॉक्टरांची वा वकिलांची कामाची गाडी नव्हे. त्या त्या काळीं जगांत जी सर्वांत वेगवान, सर्वांत देखणी आणि सर्वांत महाग असेल ती ही मोटार. आज अशा गाडीस ‘सुपरकार’ म्हणतात. शब्द नवा असला तरी वस्तु जुनी आहे, आणि हत्तीचा हिशोब तिलाहि चुकलेला नाहीं.

वेगाची आवड एकट्या राजेरजवाड्यांना होती असें मात्र नाहीं. कल्याण आणि डोंबिवली यांच्या दरम्यान ठाकुर्ली येथें जी. आय. पी. रेल्वेनें विजेचें एक मोठें कारखानघर उभारलें. आसपासच्या गांवांत तें चोळें पॉवर हाऊस या नांवानें ओळखलें जाई. कोळसा जाळून तेथें निर्माण झालेली वीज आगगाड्या ओढण्याच्या कामीं येई. १९२९ सालीं कल्याणपासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग विजेवर चालूं लागला आणि १९३० च्या जून महिन्याच्या १ तारखेस ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. ती गाडी ठाकुर्लीवरून भरधांव निघून जाई तेव्हां आंत बसलेल्या उतारूस इंजिनांत वंगण कोणी घातलें, घाटांतले ब्रेक कोणी तपासले, याची विवंचना नसे. तो सारा खर्च हजारों तिकिटांत वाटला गेलेला असे. सार्वजनिक वेगाचा गुण तो हाच. याच ठाकुर्लीच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या पलीकडून, मुंबई-आग्रा रस्ता जातो. ठाणें, भिवंडी, शहापूर हीं गांवें मागें टाकून तो थळ घाट चढतो आणि नाशिक-धुळ्यावरून पुढें माळव्याच्या पठारावर इंदुरास पोंचतो. त्या इंदुरांत, त्याच काळीं, होळकरांच्या घरीं वेग आला तो अगदीं निराळ्या वाटेनें. तेथें एका माणसासाठीं एक यंत्र होतें, आणि त्याचा सारा भार एकाच खात्यावर पडत होता.

ही कथा समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. मोटार प्रथम आली तेव्हां ती वेगासाठीं नव्हे, तर बेभरवशासाठींच प्रसिद्ध होती. रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांनीं कापलेले, घाट उभे, आणि पेट्रोल मोठ्या शहरांखेरीज दुर्मिळ. गाडी वाटेंत बंद पडली तर बैल जोडून ती ओढून आणावी लागे. अशा स्थितींत १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची एक कसोटी घेण्यांत आली. सुमारें ६२० मैलांचा प्रवास आणि वाटेंत सहा घाट. त्यांत रोल्स रॉईस कंपनीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नांवाची गाडी कोठेंहि बिघाडासाठीं न थांबतां पार पडली आणि बक्षिसाची मानकरी ठरली. पुढें ही गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं घेतली. ज्या घाटांवरून एके काळीं घोडीं आणि तोफा मोठ्या कष्टानें चढविल्या जात, ते घाट एका यंत्रानें निमूटपणें पार केले, ही गोष्ट संस्थानिकांच्या मनावर ठसली असल्यास नवल नाहीं. त्यानंतरच्या तीस वर्षांत युरोपांतील उत्तम मोटारींच्या कारखान्यांस हिंदी संस्थानिक हें मोठें गिऱ्हाईक होऊन बसलें.

होळकरांच्या घराण्यांत यंत्रयुगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टि एकापुढें एक दिसतात. दुसऱ्या तुकोजीरावांनीं १८७० सालच्या सुमारास खांडवा ते इंदूर हा लोहमार्ग व्हावा म्हणून ब्रिटिश सरकारास १ कोट रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेंकडा साडेचार आणि मुदत १०१ वर्षें. नर्मदा ओलांडून विंध्याच्या कड्यांतून वर चढणारा तो मार्ग पुढें होळकर स्टेट रेल्वे या नांवानें ओळखला गेला. इंदूरचा कापूस आणि अफू बंदरास पोंचूं लागली. शहरांत गिरण्या उभ्या राहिल्या. यंत्रावर घातलेला तो पैसा संस्थानास परत मिळत होता. या तुकोजीरावांचे पणतू यशवंतराव होळकर यांच्या वांट्यास जें यंत्र आलें, तें परत कांहींच देणारें नव्हतें. तें केवळ आनंद देणारें होतें.

यशवंतराव गादीवर आले त्या प्रसंगांतहि मोटारीचा भाग आहे. १९२५ च्या जानेवारींत मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या एका मोटारींतून आलेल्या लोकांनीं अडविली. त्यांना गाडींतील मुमताज बेगम हिला पळवून न्यावयाचें होतें. ही बाई पूर्वीं इंदूरच्या दरबारीं होती. झटापटींत बावला मारला गेला. खटला गाजला आणि त्याची झळ इंदूरपर्यंत पोंचली. तिसऱ्या तुकोजीरावांनीं चौकशीस सामोरें जाण्यापेक्षां १९२६ च्या फेब्रुवारींत गादी सोडणें पसंत केलें, आणि सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हातीं १९३० सालीं आले.

या तरुण राजाची रुचि त्या काळच्या संस्थानिकांहून वेगळी होती. ऑक्सफर्ड येथें शिक्षण झालेलें, पॅरिस-बर्लिनच्या नव्या कलावंतांशीं परिचय. त्यांनीं एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून इंदुरांत माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला, तो सरळ रेषांचा, कांच आणि धातु यांचा. जयपूर वा म्हैसूरच्या राजवाड्यांतील नक्षी, कमानी आणि घुमट यांचा येथें मागमूस नव्हता. ब्रांकुशी या शिल्पकाराच्या ‘अवकाशांतील पक्षी’ या मालिकेंतील शिल्पें त्यांनीं घेतलीं. त्या शिल्पांत ना पंख आहेत, ना चोंच. केवळ उड्डाणाची वर निघालेली एक चकाकती रेषा. ज्याला तें शिल्प आवडलें, त्याला मोटारहि तशीच आवडावी हें उघड आहे. त्यांच्या मोटारखान्यांत बेंटली होती, अल्फा रोमिओ होती, आणि या सर्वांवर ताण करणारी ड्युसेनबर्ग होती.

ड्युसेनबर्ग या नांवाचे दोन भाऊ, फ्रेड आणि ऑगस्ट, जर्मनींत जन्मून अमेरिकेंत वाढले. त्यांच्या गाड्यांनीं इंडियानापोलिसच्या शर्यती गाजविल्या. १९२८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत त्यांची ‘जे’ ही मोटार प्रथम लोकांपुढें आली. त्या वर्षीं सामान्य अमेरिकन कुटुंब जी नवी फोर्ड घेई तिचें इंजिन ४० अश्वशक्तीचें असे. ड्युसेनबर्गचे कारखानदार आपल्या इंजिनास २६५ अश्वशक्ति सांगत. १९३२ पासून ‘एसजे’ हा आणखी जोरकस प्रकार निघाला, आणि त्यास ३२० अश्वशक्ति सांगितली गेली. कारखाना केवळ चौकट आणि इंजिन पुरवी. तेवढ्याचीच किंमत आरंभीं साडेआठ हजार डॉलर आणि पुढें साडेनऊ हजार डॉलर होती. त्यावरील देह गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून निराळा बांधवून घ्यावयाचा. इंदूरच्या महाराजांची एसजे १९३५-३६ च्या सुमारास तयार झाली. तिची चौकट अमेरिकेंत घडली आणि देह लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यांत चढला. रंग नारिंगी आणि काळा. पुढचें टोपण मैलाचा दगड ओलांडल्यासारखें लांब, आणि बसण्यास माणसें मात्र दोन.

या गाडीचा जोर कशांत होता तें समजून घेतल्याशिवाय तिचा खर्चहि समजणार नाहीं. इंजिनाच्या आठ नळकांड्या एका ओळींत उभ्या असत. प्रत्येक नळकांडीस दोनाऐवजीं चार झडपा, म्हणजे एकूण बत्तीस. त्या झडपा उघडण्यामिटण्यासाठीं इंजिनाच्या डोक्यावर दोन दांडे फिरत. एसजेमध्यें यापुढें जाऊन हवा दाबून आंत ढकलणारा एक पंखा बसविलेला असे. इंजिन स्वतःच्या ओढीनें जेवढी हवा घेऊं शकतें त्याहून अधिक हवा आंत गेली कीं अधिक पेट्रोल जळतें आणि अधिक जोर उत्पन्न होतो. मात्र उष्णता वाढते, सांध्यांवर ताण येतो आणि प्रत्येक भागाची झीज लवकर होते. सुखाची मात्रा आणि झिजेची मात्रा एकाच दांड्यावर फिरत असते. आंत बसणाऱ्यापुढें दीडशें मैलांपर्यंत आंकडे असलेलें वेगमापक असे. ठराविक अंतर गेलें कीं चौकटीच्या सांध्यांस आपोआप वंगण पोंचविणारी योजनाहि या गाडींत होती, आणि तेल बदलण्याची वेळ झाली कीं समोर एक दिवा लागे. त्या काळच्या यंत्रज्ञांनीं मालकाचा आळस गृहीत धरून केलेली ही तजवीज आहे. तरीहि दिवा लागल्यावर तेल बदलणारा माणूस ठेवावाच लागे.

या गाडीपासून मिळणारा आनंद खोटा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. रिकाम्या सडकेवर, थंडीच्या पहांटे, असें इंजिन पुरतें तापून लयींत येतें तेव्हां त्याचा नाद कानांपेक्षां छातींतच अधिक उमटतो. जुन्या गाड्यांत गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबावा लागे आणि इंजिनाचा वेग कानानें ओळखून दांडा पुढें सारावा लागे. चुकलें तर दांते करकरत आणि शेजारी बसलेल्यास तें कळे. जमलें तर दांडा लोण्यांत सुरी जावी तसा जाई. हा आनंद घोडेस्वाराच्या आनंदाच्या जातीचा आहे. जनावर बळकट आहे, तें आपलें ऐकतें आहे, आणि तें न ऐकेल तर आपण पडूं, हें तिन्ही एकाच वेळीं कळत असतें. आजच्या गाड्यांत चूक सुधारण्याचें काम यंत्र स्वतःच करतें. म्हणून त्या अधिक सुरक्षित आहेत, आणि म्हणूनच त्यांत चालविणाऱ्याचें कौशल्य कोठें संपतें हें त्याला कळत नाहीं. जुन्या वेगवान गाडीचा शोक करणारे लोक जगभर आजहि हेंच सुख विकत घेत असतात.

पण हें सुख कोणाच्या पैशांतून, हा प्रश्न इंदूरच्या बाबतींत टाळतां येत नाहीं. संस्थानाचें उत्पन्न माळवा-निमाडच्या शेतकऱ्यांच्या साऱ्यावर आणि शहरांतील व्यापारावर उभें होतें. ज्या वर्षांत ही मोटार बनली, तीं वर्षें जागतिक मंदीचीं. शेतमालाचे भाव कोसळले होते आणि सारा मात्र रोकड द्यावयाचा होता. संस्थानिकाचा खाजगी खर्च आणि राज्याचा खर्च यांमध्यें स्पष्ट रेघ असावी, ही मागणी प्रजापरिषदांतून सर्वत्र ऐकूं येत होती. मोटारीचा रंग नारिंगी असो वा काळा, तिच्या चाकाखालची सडक ज्यानें खडी फोडून केली त्यास तिच्या वेगाशीं कर्तव्य नव्हतें. एवढें मात्र खरें कीं, हत्तीखान्यावर खर्च झालेल्या पैशांतून कोणतीहि नवी विद्या गांवांत आली नव्हती. मोटारखान्यांतून ती आली. राजवाड्याच्या मोटारींवर काम करतां करतां फिटर, लोहार, सुतार आणि रंगारी यांच्या हातांना जें वळण लागलें, तें संस्थानें गेल्यावरहि शिल्लक राहिलें. या कथेंत पुढें त्याच हातांना महत्त्व आलें आहे.

हिंदुस्थानची हवा या गाड्यांची खरी परीक्षा घेई. गर्नी नटिंगसारख्या कारागिरांचें काम म्हणजे ॲशच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकून बसविलेला पत्रा. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. दोन-चार वर्षांत दारें बसेनाशीं होतात आणि पत्र्याच्या सांध्यांतून पाणी आंत शिरतें. बैठकींच्या कातड्यास बुरशी येते. टायरांचें रबर गाडी न चालवितां नुसत्या उष्णतेनेंच तडकतें. इंजिनाच्या दांड्याखालीं मऊ पांढऱ्या धातूचे बेअरिंग असत. ते ओतून, खरडून, एकेका दांड्यास जुळवावे लागत, आणि ही कला येणारा कारागीर गांवोगांव मिळत नसे. त्यांत दुसरें महायुद्ध आलें. पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें, मोटारबसेस कोळशाच्या वायूवर चालूं लागल्या, आणि जी मोटार सामान्य मोटारीच्या कित्येक पट पेट्रोल पिते ती मोटारखान्यांतच उभी राहिली. यंत्राचा एक नियम हत्तीच्या अगदीं उलट आहे. उभा हत्ती निदान जिवंत राहतो. उभी मोटार हळूहळू मरते. वंगण खालीं उतरतें, नळकांड्यांत गंज धरतो, पेट्रोल सुकून त्याचा डिंक होतो. न चालविलेली गाडी चालविलेल्या गाडीहून अधिक खर्च मागते, हें नवीन मालकास सहसा पटत नाहीं.

१९४८ सालीं इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. यशवंतराव १९६१ सालीं मुंबईंत वारले. दहा वर्षांनीं, १९७१ सालीं, राज्यघटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीनें संस्थानिकांचे तनखे बंद झाले. देशभरच्या राजवाड्यांतील मोटारखाने त्या दोन-तीन दशकांत रिकामे होत गेले. कित्येक मोटारी भंगाराच्या भावानें गेल्या, कांहीं चित्रपटांत भाड्यानें चालल्या, कांहींना लग्नाच्या वराती ओढाव्या लागल्या. ज्यांचें मोल परदेशांतील जाणकारांनीं ओळखलें त्या जहाजांत चढल्या. सरकारनें जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले ते बहुतेक रत्नें निघून गेल्यावर. होळकरांची ड्युसेनबर्गहि अमेरिकेंत, आपल्या जन्मभूमीकडे, परत गेली. तिचा कारखाना १९३७ सालींच बंद झाला होता आणि ‘जे’ जातीच्या एकूण गाड्या पांचशेंहूनहि कमी निघाल्या होत्या. त्यामुळें वांचलेल्या प्रत्येक गाडीची किंमत चढतच गेली. माणिकबागेंतील सामानसुमानाचा १९८० सालीं मोनाको येथें लिलांव झाला, आणि त्या राजवाड्यांत पुढें सरकारी करखात्याची कचेरी भरूं लागली.

आज या गाड्यांच्या किंमतीचे आंकडे ऐकून मन थक्क होतें. १९५५ सालच्या एका मर्सिडीज मोटारीस २०२२ सालीं साडेतेरा कोट युरो आले. एवढी किंमत पाहून पुष्कळांस वाटतें कीं जुनी वेगवान मोटार ही सोन्यासारखी ठेव आहे. तो भ्रम आहे. सोनें तिजोरींत तेल मागत नाहीं. इटलीच्या फेरारी कंपनीची १९८४ सालीं निघालेली ‘टेस्टारोसा’ ही गाडी घ्या. तिच्या इंजिनांतील झडपा फिरविणारे पट्टे दर कांहीं वर्षांनीं बदलावे लागतात, आणि तेवढ्यासाठीं सबंध इंजिन गाडीच्या बाहेर काढावें लागतें. पट्टा स्वस्त असतो. तेथपर्यंत पोंचण्याची मजुरी महाग असते. गाडी वर्षांतून शंभर मैल चालली काय किंवा हजार मैल चालली काय, रबर आपल्या वयाप्रमाणें म्हातारें होतच असतें. पट्टा तुटला तर पिस्टन झडपांवर आदळून इंजिनच निकामी होण्याचें भय. म्हणून अशी मोटार स्वस्तांत मिळाली असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तिच्या किंमतीचा एक हप्ताच त्यानें दिलेला असतो. उरलेले हप्ते मिस्त्रीकडे द्यावयाचे असतात.

मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांना या हिशोबाची लहान आवृत्ति ठाऊक आहे. कुर्ल्यास तयार झालेली फियाट, जी पुढें पद्मिनी झाली, ती कित्येक घरांनीं वीस-वीस वर्षें संभाळली. मुंबईच्या रस्त्यावरची त्या जातीची अखेरची टॅक्सी २०२३ सालीं निवृत्त झाली. ती गाडी इतकीं वर्षें टिकली याचें कारण तिच्यासारख्या लाखों गाड्या होत्या. एका गाडीचा सुटा भाग दुसरीस लागे, आणि नाक्यावरचा प्रत्येक मिस्त्री ती डोळे मिटून उघडूं शके. राजाच्या मोटारीचें दुर्दैव तिच्या एकुलतेपणांत आहे. तिचा भाग बाजारांत मिळत नाहीं, तो घडवावा लागतो. मोडलेल्या तुकड्यावरून सांचा करावयाचा, धातु ओतावयाचा, लेथवर उतरवावयाचा, आणि बसला नाहीं तर पुन्हां आरंभापासून. अलीकडे प्रकाशकिरणांनीं तुकड्याचें माप घेऊन त्याची प्रतिकृति छापण्याची युक्ति निघाली आहे. ती कामाचा वेळ वांचविते, परंतु कोणता भाग किती घट्ट बसावा हें सांगणारें बोट अजून माणसाचेंच आहे.

कायद्यानेंहि आतां या गाड्यांची निराळी दखल घेतली आहे. २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, आणि मूळ स्वरूपांत मोठा फेरफार न केलेल्या खाजगी वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. पाटीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. ही गाडी रोजच्या कामास वा धंद्यास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, मिरवणूक, अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच तिनें सडकेवर यावयाचें. कायद्यानें अशा रीतीनें तिला देवळांतल्या उत्सवमूर्तीचें स्थान दिलें आहे. पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचें प्रमाण वाढल्यापासून मालकांपुढें नवी अडचण उभी राहिली आहे. तो मद्यार्क हवेंतील ओल शोषून घेतो आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील भाग खातो. त्या नळ्या बदलून नव्या प्रकारच्या रबराच्या घालाव्या लागतात. मूळ वस्तु राखावयाची कीं गाडी चालती ठेवावयाची, हा पेंच प्रत्येक वळणावर असा येतो. जाणते मालक बहुधा दुसऱ्या बाजूस कौल देतात, आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवतात.

मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत असे कांहीं वृद्ध कारागीर आजहि आहेत कीं ज्यांना लोक उस्ताद म्हणतात. ते इंजिनावर हात ठेवून कोणत्या नळकांडींत ठिणगी उशिरां पडते तें सांगतात. पांढरा धातु ओतण्याची विद्या त्यांच्यापाशीं आहे. ती त्यांनीं कोणत्याहि पाठशाळेंत शिकलेली नाहीं. त्यांच्या मुलांनीं बहुधा दुसरे व्यवसाय धरले आहेत, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं, कारण वर्षाकाठीं दोन-चार गाड्यांवर घर चालत नाहीं. मोटार विकत घेण्यास पैसा पुरतो. ती जिवंत ठेवण्यास ही माणसें लागतात. त्यांची संख्या दरवर्षीं घटते आहे, आणि कोणत्याहि लिलांवांत बोली बोलून ती वाढवितां येणार नाहीं. जो मालक गाडीवर लाखों रुपये खर्च करतो आणि उस्तादाच्या हाताखालीं एक पोरगा शिकत राहील एवढी तजवीज करीत नाहीं, त्यानें आपल्या हत्तीसाठीं झूल शिवली, पण माहूत ठेवला नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

ठाकुर्लीचें तें विजेचें कारखानघरहि अखेर थंड झालें. ऐन उमेदींत असतांना त्यानें लाखों लोकांना घाटापलीकडे नेलें. पुढें त्याचे बंब विझले. तेथें एकेका यंत्राचा आवाज ओळखणारीं जीं माणसें होतीं, तीं आपापल्या घरीं गेलीं आणि तें ज्ञानहि त्यांच्याबरोबर गेलें. गाडी मात्र चालूच राहिली, कारण तिची गरज सर्वांना होती. होळकरांच्या ड्युसेनबर्गची गरज कोणालाच नव्हती. तरीहि ती आज सात समुद्रांपलीकडे सुस्थितींत आहे, ती केवळ कोणीतरी तिच्यावर प्रेम केलें आणि त्या प्रेमाचा खर्च वर्षानुवर्षें सोसला म्हणून. आज महाराष्ट्रांत जो कोणी अशी जुनी वेगवान मोटार घरीं आणील, त्यानें किंमत विचारण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: ती आठवड्यांतून एकदां तरी कोणत्या सडकेवर फिरेल, आणि तिच्या इंजिनावर हात ठेवणारा माणूस कोण आहे. या दोहोंचें उत्तर मिळालें तर पुढचा खर्च आनंदाचा आहे. नाहीं मिळालें, तर दारीं आलेला हत्ती बक्षीस म्हणून आला कीं शिक्षा म्हणून, हें पहिल्या पावसाळ्यांतच कळून येतें.